फायबरची बोट, काठावरची रायफल : मेकाँगच्या मुखातल्या गस्ती नौकेचं प्रकरण

लहान गस्ती बोटीला गोळीबारापासून कसं वाचवायचं, हा प्रश्न निघाला की पहिली सूचना येते ती प्लेटा लावण्याची. किती, कुठे आणि कशाच्या बदल्यात, हे विचारेपर्यंत बऱ्याचदा ऑर्डर गेलेली असते. व्हिएतनाम युद्धातली अमेरिकन नौदलाची पीबीआर ही नदीतली गस्ती बोट या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे, कारण तिथे वजनाचा हिशोब आधी झाला आणि प्लेटा नंतर आल्या. तो हिशोब पुढे का विस्कटला, हेही या प्रकरणात दिसतं. बोटींचे क्रमांक आणि माणसांची नावं वगळली आहेत. वजनाचे आकडे ढोबळ आहेत, पण कुणालाही कागदावर पुन्हा मांडून पाहता येतील असे आहेत.

पार्श्वभूमी

18 डिसेंबर 1965 रोजी दक्षिण व्हिएतनाममधल्या नद्यांवर गस्त घालण्यासाठी टास्क फोर्स 116 उभी राहिली. मोहिमेचं नाव गेम वॉर्डन. मेकाँगच्या मुखाशी बासाक, को चिएन, हाम लुआँग, मी थो अशा मोठ्या शाखा आहेत, शिवाय सायगावच्या दक्षिणेला रुंग साट नावाचा खारफुटीचा दलदलीचा पट्टा. दळणवळण सगळं पाण्यावरून. काम होतं सांपान (लहान लाकडी होड्या) आणि जंक (मोठ्या शिडाच्या होड्या) थांबवून झडती घेण्याचं, रात्रीची संचारबंदी राखण्याचं, हत्यारं आणि रसद अडवण्याचं.

याच नद्यांत आधी फ्रेंचांनी सैनिक उतरवायच्या जुन्या पोलादी बोटी चिलखत चढवून वापरल्या होत्या. त्या दणकट होत्या, पण संथ, आणि लांबून ऐकू यायच्या. झडतीच्या कामाला त्या निरुपयोगी, कारण बोट पोचेपर्यंत सांपान नाल्यात गायब.

नौदलाला बोट तातडीने हवी होती. नव्याने आराखडा काढण्याऐवजी मौजेच्या सफरींसाठी बांधल्या जाणाऱ्या फायबरग्लासच्या सांगाड्यावर काम झालं आणि नोव्हेंबर 1965 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमच्या युनिफ्लाइट कंपनीला 120 बोटींची ऑर्डर गेली. मार्च 1966 मध्ये पहिल्या बोटी व्हिएतनामला पोचल्या. लांबी 31 फूट, वजन सात टनांच्या आसपास, प्रत्येकी सुमारे 220 अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं आणि पंख्याऐवजी जकुझी कंपनीचे पाण्याचे जेट. बोट आपल्याच लांबीत वळायची, पूर्ण वेगात असताना काही बोटलांब्यांत थांबायची. चार माणसं: बोटप्रमुख, तोफची, इंजिनवाला आणि एक खलाशी. चौघांनाही एकमेकांची कामं शिकवलेली असत. एक जण पडला तरी सुकाणू, मशीनगन आणि रेडिओ चालू राहावा यासाठी ही काळजी होती. संरक्षणाच्या यादीत ही बाब सहसा कुणी लिहीत नाही.

अडचण

फायबरग्लासचं कवच रायफलची गोळी अडवत नाही. समोर एके-47, एसकेएस, जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफली, हलक्या आणि मध्यम मशीनगन होत्या. त्याखेरीज 57 आणि 75 मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा आणि बी-40 हे खांद्यावरून डागायचं रॉकेट. काठावर नारळ, निपा ताड आणि मातीचे बंकर, म्हणजे मारणारा दिसत नाही, बोट मात्र उघड्या पाण्यावर.

नेमकं काय धोक्यात होतं, हे सुटं करून पाहिलं पाहिजे. पाण्याच्या रेषेवरचं भोक ही मोठी गोष्ट नव्हती. 7.62 मिलिमीटरच्या भोकातून आत येणारं पाणी बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप) सहज काढतो. धोका चार जागी होता: उभा असलेला सुकाणूवाला, पुढच्या आणि मागच्या मशीनगनवरची माणसं, इंजिन आणि जेटचा जोड. यांपैकी इंजिन किंवा जेट गेलं तर बोट काठासमोर जागच्या जागी उभी राहते, आणि मग बाकीचं चिलखत कामाचं उरत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: सगळी बोट झाकायची. पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटर जाडीच्या कडक चिलखती पोलादाचा एक चौरस मीटर सुमारे 50 किलो भरतो. (साधं जहाजबांधणीचं पोलाद याच जाडीत चालत नाही. एके-47ची गोळी जवळून ते भेदून जाते.) साडेनऊ मीटर लांबीच्या बोटीच्या दोन्ही बाजू मीटरभर उंचीपर्यंत आणि मागची बाजू धरली तर 22 चौरस मीटर होतात. वजन 1,100 किलो. सात टनांची बोट आठ टनांच्या वर गेली.

त्याचा परिणाम वेगवेगळ्या जागी दिसतो. बोट पाण्यात पाच-सहा सेंटिमीटर अधिक खोल बसते. उथळ पाण्यासाठीच जेट निवडले होते, त्यातला एक हिस्सा इथेच जातो. चिलखत बोटीच्या गुरुत्वमध्यापासून 60 सेंटिमीटर वर बसलं तर तो मध्य आठ सेंटिमीटर वर सरकतो, वळणावर बोट जास्त कलते. नुसत्या वजनाच्या हिशोबाने वेग 25 नॉटवरून (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) 23 वर येतो. कागदावर हे फार वाटत नाही. पण बोट पाण्यावर चढून धावायला लागण्याआधी एक टप्पा असतो, तिथे नाक वर होतं आणि इंजिन दमतं. गरम हवा, गाळाने झिजलेले जेटचे पंख, जादा दारूगोळा यांच्यासोबत हे वजन आलं की बोट तो टप्पाच ओलांडत नाही. मग 23 नॉटही राहत नाहीत. बोट नाक वर करून दहा-बारा नॉटवर पाणी ढकलत राहते.

शिवाय एवढं करूनही बी-40 थांबत नाही. त्या रॉकेटची भेदनक्षमता 180 मिलिमीटर पोलादाच्या आसपास होती.

दुसरा पर्याय: काहीच लावायचं नाही, वेगावर विसंबायचं. विचार म्हणून ठीक, पण झडती घेताना बोट उभीच असते.

तिसरा पर्याय: निवडक जागा झाकायच्या आणि उरलेलं संरक्षण अंतर, वेग आणि उलट माऱ्यातून मिळवायचं.

चौथा पर्याय त्याच नद्यांत दुसऱ्या दलाने घेतला. सैनिक वाहून नेणाऱ्या नदीदलाने, टास्क फोर्स 117ने, एलसीएम-6 या उतरणबोटींना जाड प्लेटा आणि त्यांच्या पुढे काही अंतर सोडून लोखंडी गजांचे पिंजरे लावले. रॉकेट गजावर फुटावं आणि त्याचा झोत प्लेटेपर्यंत पोचताना विरावा, हा हेतू. त्या कामाला ते बरोबरच होतं, कारण तीस-चाळीस सैनिक पोटात घेऊन काठाला नाक टेकवायचं होतं. पण बोट आठ-दहा नॉटच्या पुढे जात नव्हती. गस्तीच्या बोटीने ही नक्कल केली असती तर फ्रेंचांच्या जुन्या दुखण्याशीच परत आली असती.

काय केलं

तिसरा पर्याय निवडला गेला. सुकाणूच्या जागेला आणि तोफचींच्या पुढे सिरॅमिक चिलखताच्या ढाली, काही ठिकाणी पाव इंची पोलादी प्लेट, इंजिनाच्या झाकणांना आडोसा. बाकी बोट फायबरचीच.

सिरॅमिक घेण्यामागचं कारण वजन. कठीण फरशी गोळीचं टोक फोडते आणि मागचा तंतूंचा थर तुकडे पकडतो, त्यामुळे त्याच गोळीला पोलादापेक्षा बरंच कमी वजन पुरतं. त्याची किंमतही आहे. एकदा गोळी बसलेली फरशी तडकलेलीच असते, आणि लगत दुसरी गोळी आली की ती आरपार जाऊ शकते. फरश्या छोट्या ठेवल्या तर तडा एका फरशीपुरता राहतो, पण सांधे वाढतात, आणि सांधा ही कमकुवत जागा. बोटीवर याखेरीज इंजिनाची थरथर आणि खारं पाणी आहे. प्लेटेची कड नीट बंद केली नसेल तर पाणी आत शिरून चिकटवलेला थर सोडवतं. बाहेरून काही दिसत नाही. बोटाच्या पेराने ठोकत गेलं की सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. ही तपासणी महिन्याच्या यादीत हवी.

प्लेट बसवण्यातही एक खोच आहे. बोल्ट सरळ आरपार घातला आणि त्याच्या डोक्यावर गोळी बसली, तर तोच बोल्ट आतल्या माणसाच्या दिशेने सुटतो. म्हणून डोकं प्लेटेच्या पृष्ठात बुडवायचं, आतून मोठा वॉशर आणि आडपट्टी द्यायची. फायबरमध्ये बोल्ट घेताना आधी मोठं भोक पाडून ते इपॉक्सीने भरायचं आणि त्या भरावात बोल्टचं भोक घ्यायचं. नाहीतर फायबरच्या थरांत पाणी मुरतं आणि वर्षभरात बोल्ट हलायला लागतो.

संरक्षणाचा मोठा वाटा मात्र कार्यपद्धतीत होता. गस्त नेहमी दोन बोटींची. एक झडती घेणार, दुसरी काही अंतरावर राहून काठावर मशीनगन रोखणार. प्रवास नदीच्या मधोमध. झडतीचा सांपानही काठावरून मध्ये बोलवायचा. इंजिन चालू ठेवायचं, दोरी बांधायची नाही. रोजच्या वेळा आणि मार्ग बदलायचे.

मधोमध राहण्याचा फायदा आकड्यांत मोठा आहे. एके-47ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 715 मीटर वेगाने निघते आणि 500 मीटरवर तो वेग निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे ऊर्जा पाव उरते, आणि हलत्या बोटीवर नेम धरणं त्याहून अवघड. किलोमीटरभर रुंद शाखेत मधली रेघ धरली की हे संरक्षण एक किलो वजन न वाढवता मिळतं.

सापळ्यात सापडल्यावरचा नियम म्हणजे थ्रॉटल पूर्ण, थांबायचं नाही. 25 नॉट म्हणजे सेकंदाला जवळजवळ 13 मीटर. दीडशे मीटरचा मारा-पट्टा बोट बारा सेकंदांत ओलांडते, आठ नॉटच्या बोटीला 36 सेकंद लागतात. 31 ऑक्टोबर 1966 रोजी अशाच दोन बोटी शत्रूच्या जंक-सांपानांच्या गर्दीत आणि दोन्ही काठांवरच्या माऱ्यात शिरल्या, वेगाने आरपार गेल्या आणि हेलिकॉप्टरं बोलावून पुन्हा फिरल्या. तीन तास चाललेल्या त्या चकमकीसाठी बोटप्रमुखाला पुढे मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. 1967 पासून नौदलाची स्वतःची सीवुल्फ हेलिकॉप्टर तुकडी मदतीला होती.

जे हिशोबात नव्हतं

काही गोष्टी वापरातून कळल्या. बी-40 किंवा रिकॉइललेस तोफेचा गोळा कधीकधी फायबरच्या पातळ भिंतींतून न फुटता पलीकडे जायचा. फ्यूज चेपायला पुरेसा प्रतिकारच मिळत नसे. हे नशिबावर अवलंबून होतं. इंजिनावर किंवा प्लेटेवर बसला तर तो फुटतच असे. तरीही याचा एक अर्थ निघतो: पातळ प्लेट सगळीकडे लावली असती, तर रॉकेटला फुटायला जागा मिळाली असती आणि अडवायची ताकद तिच्यात नव्हतीच.

दुसरी गोष्ट किरकोळ वाटते. बोटींचे काठ गोळ्यांपेक्षा सांपानांनी जास्त खराब केले. दिवसभर लाकडी होड्या बाजूला घासून फायबरचे काठ चुरडत. डिसेंबर 1966 नंतर आलेल्या सुधारित मार्क-2 बोटींना, ज्या 32 फुटी होत्या, म्हणूनच ॲल्युमिनियमचे काठ दिले गेले. कमी उंचीची बांधणी आणि सुधारलेले जेट पंपही त्यात आले.

तिसरी गोष्ट अंगावरच्या चिलखताची. एम-69 फ्लॅक जॅकेट साडेतीन-चार किलोचं, नायलॉनच्या थरांचं. ते स्फोटाचे तुकडे अडवायचं, रायफलची गोळी नाही. त्या उकाड्यात बारा तासांच्या गस्तीत ते काढून बाजूला ठेवलं जाई, किंवा बोटीच्या कठड्याला आतून टांगलं जाई. यात शिस्तीचा दोष शोधण्यात अर्थ नाही. जे जॅकेट मुख्य धोक्यावर चालत नाही, ते माणूस 35 अंशांत अंगावर ठेवत नाही.

काठ जवळ आला

ऑक्टोबर 1968 मध्ये सीलॉर्ड्स नावाच्या नव्या धोरणाने बोटी मोठ्या शाखा सोडून अरुंद कालव्यांत आणि कंबोडियाच्या सीमेकडे गेल्या. डिसेंबर 1968 मध्ये वाम को डाँग आणि वाम को ताय या नद्यांवर जायंट स्लिंगशॉट मोहीम सुरू झाली. कारण समजण्यासारखं होतं. मोठ्या नद्या आवळल्यावर रसद लहान वाटांनी जाऊ लागली होती.

या प्रकरणातला कळीचा निर्णय माझ्या मते हाच आहे, आणि तो बोटीबद्दलचा निर्णय म्हणून घेतलाच गेला नाही. 1965-66चं चिलखत मधोमध राहण्याच्या आणि वेगाने सुटण्याच्या गृहीतावर ठरलं होतं. कालव्यात मधोमध म्हणजे काठापासून वीस-तीस मीटर. गोळीचा वेग तिथे जवळजवळ नळीतून सुटतानाचाच. वळणं, मासेमारीचे खुंट आणि ओहोटी यांमुळे थ्रॉटल पूर्ण उघडता येत नाही. त्यात रात्री काठाला लागून इंजिन बंद करून दबा धरण्याची पद्धत आली. ती परिणामकारक होती, पण बोटीची पहिली दोन संरक्षणं, अंतर आणि वेग, तिने स्वतःहून सोडून दिली. उरलं ते लपून राहणं, आणि दबा उघडा पडला की चार ढाली.

गंमत म्हणजे याच काळात बोटींवर वजन चढतच होतं, पण टोपल्या-टोपल्यांनी: जादा दारूगोळा, जादा हत्यारं, वाळूच्या पिशव्या. प्रत्येक भर त्या-त्या दिवशी शहाणपणाची होती. एकत्र वजनाचा तक्ता मात्र कुणी पुन्हा मांडला नाही.

नदीदलासाठी खास बांधलेली 50 फुटी पोलादी एएसपीबी बोट याच चुकीची दुसरी बाजू दाखवते. तिला गोळी आणि सुरुंग सोसायची ताकद दिली, पण मागचा काठ पाण्याला इतका जवळ होता की दुसऱ्या बोटीच्या लाटेनेही पाणी आत यायचं.

फलित

मूळ कामापुरता, म्हणजे रुंद शाखांवरच्या गस्तीपुरता, निवडक चिलखताचा निर्णय टिकला. मार्क-2 मध्ये बोटीत सुधारणा झाल्या, पण तत्त्व तेच ठेवलं गेलं. भोकं बुजवणं सोपं होतं, त्यामुळे मार खाल्लेली बोट लवकर कामावर परतायची. हे कोकणातल्या कुठल्याही फायबर दुरुस्तीवाल्याला वेगळं सांगायला नको: भोकाभोवती नाण्याने ठोकून सुटलेला भाग शोधायचा, तो भोकाच्या कितीतरी पट मोठा निघतो. थराच्या जाडीच्या बारापट रुंद उतार घासायचा, पूर्ण वाळवायचं, मग मॅट आणि रोविंग (काचतंतूंची चटई आणि विणलेलं कापड) आलटून पालटून रेझिनने बसवायचं. घाईत ओल्यावरच थर चढवला की तो पापुद्र्यासारखा निघतो. पावसाळी हवेत नेमकं हेच होतं.

अरुंद पाण्यात मात्र माणसांचं नुकसान वाढलं. तिथे बोट अपुरी होती, असं सरसकट म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. तिला वेगळं काम दिलं गेलं होतं.

आज हेच काम करायचं तर

सात टनांच्या बोटीसाठी चिलखताची मर्यादा आधी ठरवावी: पाच टक्के, म्हणजे 350 किलो. सुकाणूच्या तीन बाजू 3.2 चौरस मीटर, दोन तोफचींच्या ढाली 1.6, इंजिनाच्या दोन बाजू 2.4. एकूण 7.2 चौरस मीटर. सगळं पोलादात केलं तर 360 किलो, म्हणजे मर्यादेच्या जरा बाहेरच. पॉलिथिलीनच्या दाबून केलेल्या पॅनेलचा चौरस मीटर 22 किलोच्या आसपास धरला तर तेच काम 160 किलोंत होतं.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. नुसतं पॉलिथिलीन मऊ शिशाच्या गोळीला उत्तम, पण टोकाला पोलाद असलेली 5.56ची एम-855 गोळी अशा प्लेटा भेदू शकते. कडक पोलादी गाभ्याची एकेची गोळी अपेक्षित असेल तर पुढे सिरॅमिक हवंच. म्हणून पुरवठादाराकडे “लेव्हल थ्री” एवढंच मागू नये. कुठली गोळी, किती वेगाने, एका प्लेटेवर किती मारे, हे लिहून घ्यावं. चिलखताची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयजे या सरकारी संस्थेने 2023 मध्ये रायफलच्या श्रेण्या आरएफ-1, 2 आणि 3 अशा वेगळ्या केल्या, त्यात एम-855 दुसऱ्या श्रेणीत आहे. दुसरी फसगत उष्णतेची. 70-80 अंशांच्या वर पॉलिथिलीनची ताकद घसरते, त्यामुळे ते इंजिनाच्या झाकणाला लावू नये. तिथे पोलादच घ्यावं. 2.4 चौरस मीटरचे 120 किलो होतात, आणि ते वजन खाली बसत असल्याने बोटीच्या तोलाला त्रास कमी. मात्र बोट ॲल्युमिनियमची असेल तर पोलाद आणि ॲल्युमिनियममध्ये रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी आणि बोल्टला बाही हवी, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

प्लेटा बसल्या की बोट भरलेल्या टाक्या, पूर्ण दारूगोळा आणि पूर्ण माणसांसह तोलून पाहावी, कलण्याची चाचणी घ्यावी आणि किती सेकंदांत ती पाण्यावर चढते ते नोंदवावं. हाच आकडा पुढे दर तीन महिन्यांनी आणि कामाचं क्षेत्र बदललं की लगेच तपासायचा. नदीचा रुंदपणा बदलणं हेही क्षेत्र बदलणंच.

अंगावरच्या जॅकेटचा निर्णय जीवरक्षक जॅकेटसोबतच घ्यायचा. सिरॅमिक प्लेट बुडते, पॉलिथिलीनची प्लेट तरंगते. हत्यार आणि मॅगझिनांसह दहा-बारा किलो अंगावर असतील तर 150 न्यूटन उचलीचं जीवरक्षक जॅकेट अपुरं पडू शकतं, 275 न्यूटनचं घ्यावं, त्याची उचल सुमारे 28 किलो. फुगणारं जॅकेट बुलेटप्रूफच्या वरून घालायचं. आतून घातलं तर फुगताना छाती दाबली जाते आणि पिशवी पूर्ण उघडतही नाही. केबिनमध्ये काम करणाऱ्याला पाणी लागताच आपोआप फुगणारं देऊ नये, बोट उलटली तर तो छताला चिकटून अडकतो. त्याला दोरी ओढून फुगणारं द्यावं. प्लेटा एका ओढीत सुटणाऱ्या असाव्यात, आणि ती ओढ प्रत्येकाने तलावात, पूर्ण पोशाखात, जवळ पाणबुड्या असताना, डोळे मिटून आणि दोन्ही हातांनी वेगवेगळी करून पाहिलेली असावी.